बागवान सरांची शुगर

रविवार, २२ जून. कपाटामागच्या भिंतीला ओल आली आहे, म्हणून सकाळपासून जुनी रजिस्टरं बाहेर काढते आहे. चांगली एकीकडे, बुरशी धरलेली दुसरीकडे. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझी रक्त तपासणीची लहान लॅब आहे. डॉक्टर संध्याकाळी येऊन रिपोर्ट बघतात, सही करतात. सुई टोचण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत बाकीचं सगळं मी करते. येणाऱ्या प्रत्येकाची रजिस्टरात एक ओळ होते : तारीख, नाव, वय, तपासणी, आकडा. आज पानं चाळताना बागवान सरांच्या ओळी लागल्या. काम तिथंच टाकून मी त्या सगळ्या एका कोऱ्या कागदावर उतरवून काढल्या. सहा वर्षांच्या, एकाखाली एक. त्यातून जे दिसलं ते मला फार पूर्वी दिसायला हवं होतं. आकडे वाचणं हेच माझं काम आहे. म्हणून हे लिहिते आहे.

सर जाऊन सहा आठवडे झाले. बातमी फोनवर आली. सकाळचे साडेसात, समोर खुर्चीत एक बाई बाही वर करून बसलेली, आणि माझा मोबाइल वाजत होता. रक्त काढताना मी फोन घेत नाही. तीनदा वाजला तेव्हा घेतला. पलीकडून सरांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मी इरफान बागवान, पुण्याहून बोलतोय. अब्बांच्या फ्रिजवर तुमच्या लॅबचं कार्ड लावलंय असं शेजारी म्हणतात. तुम्ही घराजवळ आहात का हो?" घर जवळ नव्हतं. सर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बावड्यात राहायचे. दूधवाल्यानं दोनदा बेल वाजवली, दार उघडेना, तेव्हा शेजाऱ्यांनी कडी तोडली. सर पलंगावर होते. रात्री झोपेतच हार्ट अटॅक आला, असं डॉक्टरांनी सांगितलं. इरफान निघाला होता, पण तो पोचेपर्यंत तिथं ओळखीचं कुणीतरी असावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी त्या बाईच्या दंडाचा पट्टा सोडला, कापूस दाबून धरायला सांगितलं, लॅबला कुलूप लावलं आणि रिक्षा केली. बाई जिन्यातून ओरडत होती, "ओ ताई, माझं रिपोर्ट कवा?" "उद्या," म्हटलं. सत्तावीस वर्षांत लॅब भर सकाळी बंद करायची ती तिसरी वेळ.

सर पहिल्यांदा आले ते सहा वर्षांपूर्वी. भूदरगड तालुक्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवून गारगोटीहून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पत्नी वारल्यावर शुगर निघाली होती आणि त्यांच्या डॉक्टरांनी तपासून घ्यायला सांगितलं होतं. जिन्याच्या तोंडाशी माझी एक पाटी होती. तिच्यावर पेंटरनं इंग्रजीत शुगर लिहिताना एसच्या पुढं एक एच जास्तीचा घातला होता. मी कधी बघितलंच नव्हतं. सर पाटीपुढं बराच वेळ उभे राहिले. चूक काढणार म्हणून मी तयारीतच होते. वर आले आणि म्हणाले, "पेंटर हुशार आहे तुमचा. कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. इंग्रज लोक आधी ह्याचा उच्चार स्यू असाच करायचे. पुढं जीभ घसरली आणि त्याचं शू झालं. स्पेलिंग बिचारं जिथं होतं तिथंच उभं राहिलं. शुअर आणि शुगर, सुरुवातीच्या नुसत्या एसचा श होतो असे रोजच्या वापरातले दोनच शब्द. एकतीस वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारल्या ह्या स्पेलिंगपायी. पोरांचं बरोबर होतं."

मी म्हटलं, "सर, हात पुढं करा. मूठ आवळा." मला वेळ नव्हता.

ज्यांना ही तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शुगर दोनदा बघतात. एकदा सकाळी उपाशीपोटी, तिला आम्ही फास्टिंग म्हणतो. मग माणसानं नेहमीसारखं जेवायचं आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, ती पीपी. जवळचे लोक घरी जाऊन जेवून येतात. लांबचे डबा आणतात आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर बसून खातात. त्या बाकाकडं माझी पाठ असते. सरांना बावड्याला सिटी बसनं जाऊन परत यायचं म्हणजे दोन तास त्यातच जाणार. म्हणून ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कापडी पिशवीत एक स्टीलचा डबा घेऊन यायचे. सातला फास्टिंग, सव्वासातला बाहेर बाकावर, सव्वानऊला पीपी. रक्त घेण्याआधी मी विचारायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "व्हय, जेवलो की." मी सुई टोचायचे. सहा वर्षांत ह्या दोन वाक्यांत काही बदल झाला नाही.

साडेआठच्या सुमाराला माझी गर्दी ओसरते. तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन खाऊन घेते. खोली म्हणजे काय, पडद्यामागची चार फूट जागा. इंडक्शनवर भाजी गरम करायची, डब्यातच चपाती मोडायची, उभ्यानं खायचं, आठ मिनिटांत हात धुऊन बाहेर. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. एकटीसाठी ताट कशाला घ्यायचं... घासायला एक भांडं वाढतं. मी बाहेर आले की सर बाकावरून उठून माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. मी रजिस्टर भरायची, ते बोलायचे. अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा. नंतर पहिला सोमवार आला की मी रजिस्टर जरा हळू भरत असे.

बोलायचे ते शब्दांबद्दल. सगळ्यात जास्त ह्याच एका शब्दाबद्दल. स्वतःच्या रोगाचं नाव कुठून आलं ते माणसाला माहीत असावं, असं त्यांचं म्हणणं. एका सोमवारी मुरगूडचे एक काका पीपीसाठी थांबले होते. डोक्याला पटका, पायात करकरणारं पायताण, आणि त्यांचा ऊस त्या वर्षी अजून तुटायचा होता, त्यामुळं साखर हा विषय निघाला की त्यांचं डोकं तापायचं. सर त्यांना म्हणाले, "पावणं, साखर हा शब्द कुठला, ठाऊक हाय?"

"कारखान्याचा," काका म्हणाले.

"कारखाना कालचा. शब्द त्याच्या आधीचा. मूळ शब्द शर्करा. आणि शर्करा म्हणजे पहिल्यांदा साखर नव्हेच. खडा. वाळूचा कण. उसाचा रस आटवून आटवून तळाला जे खडे जमले, त्यांना लोक म्हणाले, ही तर शर्करा. मग हा शब्द निघाला प्रवासाला. इराणात उतरला, तिथं झाला शकर. तिथनं अरबांकडं, सुक्कर. अरबांनी समुद्रापल्याड नेला, इटलीवाले म्हणाले झुक्केरो. फ्रान्समध्ये स्यूक्र. तिथनं इंग्लंड. आणि इंग्लंडहून परत इथं शैलाताईंच्या लॅबमध्ये, शुगर."

काका गंभीरपणे ऐकत होते. "एवढ्या गाड्या बदलल्या? मी मुदाळ तिट्ट्याला एक गाडी बदलतो, तर पिशवी इसरतो."

"ह्यानंबी विसरली की! वाटेत ह्याचा क हरवला. बघा, शकर, सुक्कर, झुक्केरो, सगळीकडं क हाय. इंग्रजीतच एकदम ग. तो क कुठं गेला आणि ग कुठनं आला, कुणाला सांगता येत न्हाय."

"मंग जाऊन इच्यारा की त्यास्नी."

"विचारलं. मोठमोठ्या डिक्शनऱ्या बघितल्या. तिथं सरळ लिहिलंय, कारण ठाऊक नाही."

"मंग कसली वो मोठी डिक्शनरी?" काकांनी पायताण सावरलं. "ह्या ताईनं माझ्या रिपोर्टवर ठाऊक न्हाय लिवलं तर चालंल व्हय मला?"

सर एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र काकांचं पटलं होतं. आकडा जास्त आला तर त्याला कारण असतं, कमी आला तर त्यालाही असतं. नसलं तर मी नमुना पुन्हा लावते. पण सरांना तो हरवलेला क फार आवडायचा. म्हणायचे, "शैलाताई, आयुष्यभर शब्दांवर काम केलेली माणसं एवढ्या जाड पुस्तकात लिहून ठेवतात की आम्हांला ठाऊक नाही. किती प्रामाणिक. मी एकतीस वर्षांत एकदासुद्धा वर्गात असं म्हणालो नाही. पोरांनी विचारलं की काहीतरी ठोकून द्यायचो." त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला तो सगळा प्रवास लिहून आणला होता. शर्करापासून शुगरपर्यंत, मधे बाण, आणि क आणि ग यांच्यामधल्या बाणावर एक प्रश्नचिन्ह. खाली एक फांदी वेगळी काढून जॅगरी. गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात तोही ह्याच शर्करेचा भाऊ, पोर्तुगीजांनी दक्षिणेतून नेलेला. "एक भाऊ वाळवंटातून गेला, एक बोटीतून. इंग्लंडात दोघं भेटले तेव्हा एकमेकांना ओळखलं नाही," असं ते म्हणायचे. ते पाकीट मी केमिकलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून लावलं तर पेशंट विचारत बसतात.

स्वतःबद्दल सर कमी बोलायचे. पत्नीचं नाव घेत नसत, आमच्या घरात असं म्हणायचे. एकदा मात्र बोलले. एका सुनेनं सासूचा डबा पाठवला नव्हता, म्हणून म्हातारी उपाशी बसली होती आणि मी फोनवर त्या सुनेला झापत होते. फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "आमच्याकडं एका ताटात जेवायची पद्धत. माझ्या लहानपणी सहा भावंडं एका ताटाभोवती. लग्न झाल्यावर आम्ही दोघं. चाळीस वर्षं माझं असं वेगळं ताट नव्हतंच. ती भात माझ्या बाजूला ढकलायची, मी मटणाचा तुकडा तिच्या बाजूला सरकवायचो. बोलायचो नाही जास्त. हातच चालायचे..." मग म्हणाले, "आता ताट मोठं वाटतं." मी काय म्हटलं ते मला चांगलं आठवतं. मी म्हटलं, "लहान ताट घ्या की सर. स्टेशन रोडला मिळतात." ते म्हणाले, "व्हय, बघतो."

मी टोचून बोलत नव्हते. मला खरंच वाटलं होतं की प्रश्न ताटाचा आहे.

सरांचे रिपोर्ट उत्तम असायचे. आमच्याकडं येणारी माणसं तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळतात, कारल्याचा रस पितात, आणि रिपोर्ट मिळाला की खाली जाऊन जिलेबी घेतात. सर तसे नव्हते. महिन्यामागून महिना आकडे सरळ रेषेत. शर्ट सैल व्हायला लागले तेव्हा मी म्हटलं, "वजनही आटोक्यात आणलंत, छान." फक्त ईदच्या महिन्यात ते ईदनंतरच्या सोमवारी यायचे, तेव्हा गडबड व्हायची. रमजान ईदला इरफान बायकोमुलांना घेऊन पुण्याहून यायचा. त्या वेळी सर बाकावर बसत नसत. फास्टिंग दिलं की इरफान त्यांना गाडीवरून घरी न्यायचा आणि दोन तासांनी परत आणायचा. आकडा दोनशेच्या वर गेलेला असायचा. मी मुलासमोरच रागवायची. "सर, शीरखुर्मा किती वाट्या झाला? वर्षभराची मेहनत दोन दिवसांत घालवता तुम्ही." सर मान खाली घालून ऐकून घ्यायचे, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे. इरफान म्हणायचा, "मॅडम, मी नको म्हणत होतो, ह्यांनी नातवाच्या ताटातला पण संपवला." मधे एक वर्ष इरफानला रजा मिळाली नाही, तो आला नाही. त्या ईदनंतर सरांचा आकडा नेहमीसारखाच छान आला, आणि मी म्हटलं, "शाब्बास. यंदा पथ्य पाळलंत." सर म्हणाले, "व्हय. यंदा पाळलं."

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते शेवटचे आले. त्या दिवशी डबा बाकावर विसरून गेले. मी उचलून आत ठेवला, पुढच्या खेपेला देऊ म्हणून. दोन दिवसांनी वास यायला लागला तेव्हा उघडला. दोन चपात्या आणि भेंडीची भाजी, बुरशी आलेली. मी तो रिकामा केला, घासला, पालथा घातला. त्याच शनिवारी इरफानचा फोन आला.

बावड्याच्या घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायका होत्या, मौलवींना निरोप गेला होता. मला करण्यासारखं काही नव्हतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओटा स्वच्छ, एक पातेलं, एक तवा. भिंतीला खिळ्यावर एक भलं मोठं कल्हईचं ताट टांगलेलं. त्याच्यावर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. बाकी घरात कुठं धूळ नव्हती. मी बोट धुतलं आणि बाहेर आले.

दुपारी इरफान आला. दफन झाल्यावर, संध्याकाळी, तो अंगणात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. अब्बा फोनवर नेहमी सांगायचे, दर महिन्याला शैलाताईंच्याकडं जेवतो. दोघं बसून जेवतो, गप्पा होतात. तुमच्या मेथीच्या भाजीचं फार कौतुक करायचे. म्हणायचे, लसणाची फोडणी द्यावी तर त्यांनीच. मला तेवढाच आधार वाटायचा, की निदान एक दिवस तरी कुणाबरोबर बसून जेवतात."

मी मेथी करते, हे खरं आहे. लसूण जास्त घालते, हेही खरं. पण सरांना मी ती कधी दिली नव्हती. साडेआठला पडद्यामागं मी ती गरम करायची आणि उभ्यानं खायची. पडद्यापलीकडं चार पावलांवर बाक. त्यांच्यापर्यंत गेला असेल तो फक्त वास.

इरफानला मी म्हटलं, "हो. आवडायची त्यांना." सत्तावीस वर्षांत रिपोर्टवर मी एक आकडा खोटा लिहिलेला नाही. हे तोंडानं बोलले. त्याचे वडील नुकतेच मातीत ठेवले होते. रिक्षात बसल्यावर स्वतःला सांगितलं, की सर जरा वाढवून सांगत असतील, म्हातारी माणसं सांगतात. जेवत तर होते ना. मी प्रत्येक वेळी विचारत होते.

आज तो कागद समोर आहे. फास्टिंग एकशे बारा, पीपी एकशे चार. फास्टिंग एकशे अठरा, पीपी सत्त्याण्णव. एकशे नऊ, एकशे एक. जेवल्यावर शुगर वाढते. चांगली आटोक्यात असली तरी थोडी वाढते. कधीतरी गोळीमुळं पीपी फास्टिंगपेक्षा कमी येते, हे आम्हांला शिकवलेलं आहे, आणि सरांना गोळी होती. सुटी एकेक ओळ बघितली तर शंका येण्याचं कारण नाही. मी दर महिन्याला एकच ओळ बघत होते. एकाखाली एक मांडल्यावर मात्र कुणीही सांगेल, माझ्याकडं नवीन शिकायला आलेली मुलगीसुद्धा सांगेल, की हा माणूस मधल्या दोन तासांत काही खात नव्हता. ईदनंतरची दोनशे अठरा, दोनशे सहा, दोनशे अकरा आणि तसेच आणखी दोन आकडे, एवढीच काय ती खरी पीपी. तेवढ्यांनाच मी रागवले. आणि ज्या वर्षी इरफान आला नाही, त्या ईदनंतरची ओळ : एकशे चौदा, एकशे दोन. समोर माझ्याच अक्षरात, लाल पेननं, बरोबरची खूण.

सर उपासमारीनं गेले असं मी म्हणत नाही. हार्ट अटॅकनं गेले, तसं कागदावर आहे. घरी काहीतरी खात असतीलच, नाहीतर माणूस सहा वर्षं जिना चढत नाही. पण डबा मात्र दर महिन्याला भरून आणायचे, बाकावर मांडीवर धरून बसायचे, आणि बंदच परत न्यायचे. का? ताटाची गोष्ट त्यांनी सांगितली होती, तेव्हा ओढूनताणून मला एक कारण लिहिता येईल. पण ते कारण त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तेव्हा त्या जागी सरांच्या डिक्शनरीवाल्यांसारखंच लिहायला हवं : ठाऊक नाही.

दुपारी रजिस्टरं पुन्हा कपाटात भरली आणि इरफानला फोन लावला. आधी भेंडीचा भरलेला डबा सांगितला, मग आकडे, मग मेथी. "मी त्या दिवशी हो म्हटलं ते खरं नव्हतं," म्हटलं. पलीकडं लहान मूल मागं काहीतरी मागत होतं. मग तो म्हणाला, "आम्ही आलो की अब्बा म्हणायचे, थांबा, सगळ्या महिन्यांचं आताच खातो. आम्ही हसायचो, मॅडम." मी म्हटलं, "मी हे लिहून पेपरला पाठवू का? तू नको म्हणालास तर नाही पाठवणार." तो म्हणाला, "पाठवा. पण नुसतं हेच नका लिहू. शुगरचं लिहा. तो इराण, अरबस्तान, फ्रान्स... ते ऐकल्याशिवाय आमच्याकडं कुणाला चहा मिळायचा नाही." डबा परत घेणार का विचारलं, तर म्हणाला, "असू दे तुमच्याकडं." म्हणून शुगरचंही लिहिलं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर सरांच्या विद्यार्थ्यांनी कळवावं.

सोमवार, २३ जून. सकाळी पावणेसातला लॅब उघडली. रजिस्टरचं नवं पान काढलं, पट्टी घेतली आणि फास्टिंग आणि पीपी यांच्या मधे एक रकाना आखला. त्यावर लिहिलं, काय जेवले. मागच्या खोलीचा पडदा काढून धुवायला टाकला. दुसरा बांधला नाही. नऊ वाजता मुरगूडचे काका पीपीला आले, डबा काखोटीला मारलेला, करकर वाजत.

"काका, काय जेवलात?"

ते खुर्चीत बसता बसता थांबले. "जेवलो की. रोज इच्यारतीस तसंच इच्यार की."

"जेवलात का विचारलं नाही. काय जेवलात?"

"भाकरी. झुणका. कांदा. त्ये बी लिवायचं व्हय आता?"

"व्हय." मी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "आणि कुणाबरोबर?"

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग उघड्या मागच्या खोलीकडं, मग बाहेरच्या बाकाकडं. "हां? ह्ये बी लिवनार?"

"हे लिहायचं नाही," म्हटलं. "नुसतं सांगा."